तंबाखू पाठ, दारू ‘ऑप्शन’ला

ठाणे, विशेष प्रतिनिधी

बाळकुम हे एकेकाळी ठाण्याच्या खाडीकाठचे कोळी-आगरी वस्तीचे गाव. पुढे शेजारच्या कोलशेत रस्त्यालगत रासायनिक कारखाने आले. कालांतराने त्यांनी गाशा गुंडाळला आणि त्यांच्या जागी निवासी मनोरे उभे राहिले. करोनाच्या साथीत, जून २०२० मध्ये, येथील ग्लोबल हबच्या इमारतीत महापालिकेने १०२४ खाटांचे तात्पुरते रुग्णालय सुरू केले, तेव्हा बाळकुमचे नाव ठाण्याबाहेरही पोहोचले. त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये बाळकुम येथे धर्मवीर आनंद दिघे कर्करोग रुग्णालयाचे भूमिपूजन झाले. ठाणे महापालिका, जितो ट्रस्ट आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारावयाच्या या रुग्णालयाची गरज कोणी नाकारणार नाही. शहापूर-मुरबाडपासून भिवंडी-कल्याणपर्यंतच्या कर्करुग्णाला वर्षानुवर्षे परळ हाच मुख्य पत्ता ठाऊक होता. पहाटेची लोकल, परळच्या पदपथावरचा मुक्काम आणि काखेतली फाइल हे चित्र या जिल्ह्यातील अनेक कुटुंबांच्या ओळखीचे आहे.

अशा प्रकल्पांची चर्चा बहुधा खाटा, यंत्रे, निधी आणि श्रेय यांभोवती फिरते. मात्र बाळकुमहून खाडी ओलांडली की कळवा लागते आणि तेथे १९९२ पासून महापालिकेचेच राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मुंब्रा, दिवा, भिवंडी, शहापूर अशा सर्व बाजूंनी रुग्ण येतात. खाडीच्या एका काठाला उद्याचे डॉक्टर घडणार आणि दुसऱ्या काठाला कर्करोगावर उपचार होणार, असा हा योग आहे. त्यानिमित्ताने एक प्रश्न साहजिकच पुढे येतो आणि तो केवळ कळव्यापुरता नाही. राज्यातील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला तो लागू पडतो. कर्करोग रुग्णालयात दाखल होणारा रुग्ण त्याआधी अनेक वर्षे कोणत्या ना कोणत्या डॉक्टरसमोर बसलेला असतो. त्या डॉक्टरला तंबाखू आणि दारू ही कर्करोगाची कारणे म्हणून कितपत ठाऊक असतात?

तंबाखूबाबत उत्तर बरेचसे समाधानकारक आहे. दारूबाबत नाही.

उत्तरपत्रिकेतले ज्ञान

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या जाणिवेविषयी देशोदेशी झालेल्या पाहण्यांचे निष्कर्ष साधारण एकाच वळणाचे आहेत. धूम्रपानाने फुप्फुसाचा आणि तंबाखू चघळल्याने तोंडाचा कर्करोग होतो, हे जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी सांगतो. दारू म्हटले की ‘यकृत’ हे उत्तर तत्काळ येते. पण ते बहुधा सिरोसिसच्या अर्थाने. दारूमुळे स्तनाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग होऊ शकतो का, असे विचारल्यावर वर्गात चुळबुळ सुरू होते.

याचे कारण विद्यार्थ्यांच्या आळसात शोधण्यापेक्षा पाठ्यपुस्तकाच्या मांडणीत शोधलेले बरे. तंबाखू विद्यार्थ्याला विकृतिशास्त्रात भेटते, कान-नाक-घसा विषयात भेटते, समाजवैद्यकात तर हमखास भेटते आणि प्रत्येक वेळी कर्करोगाचे बोट धरूनच येते. दारूचे तसे नाही. ती यकृताच्या प्रकरणात सिरोसिस होऊन येते, मानसोपचारात व्यसनाधीनता होऊन येते. न्यायवैद्यकात ती रक्तातील प्रमाण मोजण्यापुरती उरते. औषधशास्त्रात तर ती चक्क उतारा म्हणून हजेरी लावते! मिथाइल अल्कोहोलच्या विषबाधेवर इथाइल अल्कोहोल देता येते, हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न. मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, तेव्हा त्या प्रश्नाचे मोल मुंबईला कळले होतेच. पण नेहमीची, परवानाप्राप्त, सीलबंद बाटलीतली दारू कर्करोगकारक आहे, हे वाक्य या सगळ्या प्रकरणांच्या फटींत हरवून जाते. विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचे तर तंबाखू पाठ असते आणि दारूचा कर्करोग ‘ऑप्शन’ला टाकलेला असतो.

वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला पहिल्या गटात, म्हणजे मानवात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या घटकांत, १९८८ मध्येच टाकले. चघळण्याच्या तंबाखूवर ती मोहोर त्याआधी अवघी तीन वर्षे, १९८५ मध्ये, उमटली होती. शास्त्रीय पुराव्यातील हे अंतर तीन वर्षांचे. जाणिवेतील अंतर अजूनही मिटलेले नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व गुदाशय, आणि स्त्रियांमध्ये स्तन, अशा सात ठिकाणच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध प्रस्थापित झाला आहे. २०२० या एका वर्षात जगभरात कर्करोगाचे सुमारे ७ लाख ४१ हजार नवे रुग्ण मद्यपानामुळे उद्भवले, असा अंदाज ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झाला. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले. रोज थोडी वाइन घेतल्यास हृदयाला बरे, हे वाक्य मात्र दिवाणखान्यांत आणि काही दवाखान्यांतही अजून ठाण मांडून आहे.

ही उणीव केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलने जानेवारी २०२५ मध्ये मद्य आणि कर्करोग यांविषयी जे निवेदन काढले, त्यात तेथील जनतेच्या जाणिवेचे आकडे दिले होते. तंबाखूने कर्करोग होतो हे ८९ टक्के अमेरिकनांना ठाऊक होते. मद्याने होतो हे ४५ टक्क्यांना. याच कार्यालयाचा धूम्रपानावरील प्रसिद्ध अहवाल १९६४ चा. दोन्ही इशाऱ्यांत ६१ वर्षे गेली.

मुंबईला आधी कळले होते

तंबाखूच्या बाबतीत तर मुंबई जगाच्या पुढे होती, असे म्हटले तरी चालेल. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगावरचा निबंध १९४४ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि या रोगाचा चघळण्याच्या सवयींशी असलेला संबंध पुढे आणला. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा धूम्रपान व फुप्फुसाच्या कर्करोगावरील गाजलेला निबंध त्यानंतरचा, १९५० चा.

डॉल आणि हिल यांच्या पुढच्या कामाची मात्र येथे विशेष आठवण करायला हवी, कारण त्या अभ्यासाचे विषय होते खुद्द डॉक्टर. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना टपालाने प्रश्नावली पाठवली आणि उत्तरे देणाऱ्या ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांचा पुढे अर्धशतकभर माग ठेवला. २००४ मध्ये आलेल्या अखेरच्या अहवालाने सांगितले, की आयुष्यभर सिगारेट ओढणारे डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले. पन्नाशीत सोडणाऱ्यांनी त्यातली सहा वर्षे परत मिळवली आणि तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळी. ब्रिटनमधील डॉक्टर हळूहळू सिगारेटपासून दूर झाले, ते समाजाच्या आधी. आपल्याच व्यवसायबंधूंच्या मृत्यूंची आकडेवारी त्यांच्या समोर होती.

मद्याच्या बाबतीत असा आरसा डॉक्टरांसमोर फारसा धरला गेलेला नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांत काय चालते याची उघड चर्चा होत नाही. होते ती एखाद्या पार्टीत काही अनुचित घडले तरच. रात्रपाळीच्या ताणावर सिगारेट आणि परीक्षा संपल्यावर मद्य, हा प्रघात इतर महाविद्यालयांप्रमाणे येथेही आहे. फरक इतकाच, की इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात जाऊन रुग्णाला ‘दारू सोडा’ असे सांगावे लागत नाही. गंमत अशी, की महाराष्ट्रात सौम्य बीअर व वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे. अठराव्या वर्षी प्रवेश घेणारा विद्यार्थी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची आंतरवासिता पूर्ण करून बाहेर पडतो, तेव्हाही तो कायद्याच्या दृष्टीने व्हिस्कीचा ग्राहक नसतो. या नियमाची आठवण वसतिगृहात कोणी करून देत असेल, असे वाटत नाही.

दोन्ही एकत्र आले की

तंबाखू आणि दारू वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवण्याचा सर्वात मोठा तोटा असा, की रुग्णाच्या तोंडात त्या एकत्रच असतात.

तंबाखूची गोळी चुन्यासह गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरली जाते. चुन्याने तेथील अल्कता वाढते, निकोटिन झपाट्याने शोषले जाते आणि तंबाखूतील नायट्रोसामाइन वर्गातील कर्करोगकारक द्रव्ये तासन्‌तास त्याच जागी त्वचेला चिकटून राहतात. त्यावर दारू आली की तोंडाचे नाजूक अस्तर अधिक पाझरते होते आणि ही द्रव्ये खोलवर शिरतात. दारूचे स्वतःचेही काम चालूच असते. शरीरात तिचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींच्या गुणसूत्रांना इजा करते. तोंडातील जीवाणूसुद्धा हे रूपांतर जागच्या जागी घडवून आणतात. म्हणजे यकृतापर्यंत पोहोचण्याची वाट न पाहता दारू तोंडातच कामाला लागते. दोन धोक्यांची ही बेरीज राहत नाही, तिचा गुणाकार होतो.

याचा भारतीय पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तेथील कर्करोग साथरोगशास्त्र केंद्राच्या संशोधकांनी देशातील पाच केंद्रांवर २०१० ते २०२१ या काळात गालाच्या आतील अस्तराच्या कर्करोगाचे १८०३ रुग्ण आणि तुलनेसाठी १९०३ निरोगी व्यक्ती यांचा अभ्यास केला. तो डिसेंबर २०२५ मध्ये ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे ९ ग्रॅम अल्कोहोल पोटात जात असेल, तर या कर्करोगाचा धोका न पिणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ५० टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. नऊ ग्रॅम म्हणजे किती? तीस मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे ‘रोज एकच, तोही छोटा’ असे सांगणारा गृहस्थ या हिशेबात सहज बसतो. गावठी दारूचा धोका त्याहून अधिक दिसला. देशातील गालाच्या कर्करोगाच्या सुमारे ६२ टक्के रुग्णांमागे दारू आणि चघळण्याची तंबाखू यांचा संयुक्त परिणाम असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

या आकड्यांचे वजन समजण्यासाठी आणखी एक आकडा पुरेसा आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. भारतीय पुरुषांमधील हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे.

सुपारीचा उल्लेखही येथे टाळता येणार नाही, कारण ती तर तंबाखूपेक्षाही निरागस समजली जाते. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय संस्थेने २००३ मध्येच दिला आहे. सुपारीने तोंडाचे अस्तर ताठर होत जाते आणि एक दिवस तोंडात तीन बोटेही मावत नाहीत. तोंडाच्या कर्करोगातून बरे झालेले ज्येष्ठ नेते शरद पवार यांनी २०१८ मध्ये मुंबईत दंतवैद्यांच्या कार्यक्रमात आपल्या सुपारीच्या सवयीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली होती. चाळीस वर्षांपूर्वी कोणी सावध केले असते तर, असा त्यांचा सूर होता. राज्याच्या माजी मुख्यमंत्र्यांच्या भोवती डॉक्टरांची वाण नसणार. तरीही सांगणारे कोणी नव्हते.

‘हॅबिट्स : निल’

ज्ञानाचा प्रश्न सुटला तरी विचारण्याचा प्रश्न उरतोच. रुग्णाची माहिती घेताना सवयींचा रकाना भरायचा असतो, हे विद्यार्थ्याला पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगपासून शिकवले जाते. तो भरला जातोही. पण कसा?

‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की ठाणे जिल्ह्यातील एखादी प्रौढ स्त्री मनापासून ‘नाही’ म्हणते. ती मशेरी लावते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. पण तिच्या लेखी ते दात घासणे असते, खाणे नव्हे. मावा खाणारा तरुण ‘सुपारी खातो’ असे सांगतो. ‘दारू पिता का?’ या प्रश्नाला ‘नाही, कधीतरी’ हे सर्वपरिचित उत्तर मिळते आणि केसपेपरवर ‘ऑकेजनल’ असा शब्द उमटतो. आठवड्याला किती, एका वेळी किती, बीअर की देशी, हे विचारायला वेळ नसतो आणि स्त्री-रुग्णाला तर दारूबद्दल बहुधा विचारलेच जात नाही. उच्चभ्रू सोसायटीतील सुशिक्षित रुग्णाला हा प्रश्न विचारताना डॉक्टरलाच संकोच वाटतो. रोजंदारीवरच्या मजुराला विचारताना तो वाटत नाही. तेथे प्रश्नाचा उपदेश होतो. बाळकुमसारख्या ठिकाणी, जेथे जुने गावठाण आणि नवे मनोरे एकाच नाक्यावर उतरतात, तेथे या दोन्ही चुका एकाच दिवसात घडू शकतात.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राचा प्रश्न सिगारेटचा कमी आणि चघळण्याचा, लावण्याचा फार मोठा आहे. आता याच सर्वेक्षणातील देशपातळीवरचा दुसरा आकडा पाहावा. आदल्या वर्षभरात डॉक्टर किंवा आरोग्यसेवकाकडे गेलेल्यांपैकी ४८.८ टक्के धूम्रपान करणाऱ्यांना सवय सोडण्याचा सल्ला मिळाला होता. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी तो मिळाला ३१.७ टक्के लोकांना. तीनपैकी दोघे जण डॉक्टरांना भेटून, औषध घेऊन, फी देऊन घरी आले आणि तंबाखूचा विषयही निघाला नाही.

सल्ल्याने काय होते, असा उपरोधिक प्रश्न अनेक डॉक्टरच विचारतात. एका सल्ल्याने चमत्कार होत नाही, हे खरे आहे. स्वतःहून सिगारेट सोडण्यात शंभरात दोन-तीन जण यशस्वी होतात; डॉक्टरच्या दोन मिनिटांच्या सल्ल्याने त्यात आणखी एक ते तीन जणांची भर पडते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. हा आकडा किरकोळ वाटतो. पण रोज शेकडो रुग्ण पाहणाऱ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या हिशेबात तो वर्षाकाठी किती घरांपर्यंत जातो, याचे गणित कठीण नाही.

विद्यार्थ्यांना हे शिकायचे नसते, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र यांनी भारतासह दहा देशांत आरोग्यशाखांच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांची जी पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू सोडवण्याचे प्रशिक्षण मिळायला हवे, असे देशागणिक ८७ ते ९९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. प्रत्यक्षात असे प्रशिक्षण मिळालेले होते ५ ते ३७ टक्के. त्यानंतर बराच काळ लोटला. भारतात २०१९ पासून वैद्यकीय शिक्षणात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, संवादकौशल्यांना जागा मिळाली, विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचा उपक्रमही सुरू झाला. कागदावर ही प्रगती मोठी आहे. परंतु व्यसनाचे प्रकरण ज्या मानसोपचार विषयात येते, त्याची एमबीबीएसला उत्तीर्ण होण्यासाठी स्वतंत्र परीक्षा नाही, आणि ज्याची परीक्षा नाही ते किती शिकले जाते, हे विद्यार्थ्यांइतकेच शिक्षकांनाही ठाऊक असते.

बॅटरी आणि दोन मिनिटे

तोंडाच्या कर्करोगाचे एक वैशिष्ट्य असे, की तो डोळ्यांना दिसतो. आतड्याचा कर्करोग पाहायला दुर्बीण लागते, फुप्फुसाचा पाहायला स्कॅन लागतो. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा पाहायला बॅटरी लागते. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात दीड लाखाहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. हे आरोग्यसेवक डॉक्टर नव्हते. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. धोक्याचा गट ठरवताना तेथे दारूला तंबाखूच्या शेजारी बसवले होते, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

आरोग्यसेवकांना जमले ते पाच-साडेपाच वर्षे शिकणाऱ्या डॉक्टरला जमू नये, असे काही नाही. अडचण सवयीची आहे. खोकल्याच्या रुग्णाला ‘आ करा’ म्हणून घसा पाहिला जातो. गाल बाजूला ओढून हिरडीच्या खोबणीत, जिभेच्या कडेला, जिभेखाली पाहिले जात नाही. ते दातांच्या डॉक्टरचे काम, असा समज आहे. आणि दातांच्या डॉक्टरकडे हा रुग्ण दात दुखल्याशिवाय जात नाही. आंतरवासितेच्या वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याने ठरावीक संख्येने तोंडे तपासून नोंदवहीत लिहावे, प्रात्यक्षिक परीक्षेत त्यासाठी एक टेबल ठेवावे, एवढे करण्यास नवा कायदा लागणार नाही. बाळकुमचे रुग्णालय उभे राहील तेव्हा कळव्यातील विद्यार्थ्यांना तेथे काही आठवडे पाठवता आले, तर चट्टा पाच वर्षे दुर्लक्षित राहिल्यावर काय होते हे त्यांना पुस्तकाविना कळेल. एकाच महापालिकेच्या छत्राखाली ही सोय फार थोड्या शहरांत आहे.

दारूच्या बाबतीत मात्र महाविद्यालयाबाहेरचे जग विद्यार्थ्याला उलट दिशेने ओढते, हे मान्य केले पाहिजे. तंबाखूविरुद्ध राज्याने उशिरा का होईना, भूमिका घेतली. २००३ चा केंद्रीय कायदा आला; शैक्षणिक संस्थांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी झाली; महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली; २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. अंमलबजावणीची अवस्था कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेरची टपरी सांगेल, तो भाग वेगळा. पण शासनाचे म्हणणे काय आहे, याबद्दल संदिग्धता नाही. दारूच्या बाटलीवर २०१९ पासून जो वैधानिक इशारा आहे, त्यात मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचे आणि पिऊन वाहन न चालवण्याचे सांगितले आहे. कर्करोग हा शब्द त्यात नाही. आयर्लंडने २०२३ मध्ये बाटलीवर कर्करोगाचा इशारा छापण्याचा नियम केला. त्याचीही अंमलबजावणी नंतर २०२८ पर्यंत पुढे ढकलली गेली. मद्यउद्योगाच्या ताकदीची यावरून कल्पना यावी. आपल्याकडे सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा संस्कृती आणि शेतकरी या दोन शब्दांवर रान पेटले. तो अमलात आला नाही. जून २०२५ मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले गेले, ते वर्षाला सुमारे १४ हजार कोटींच्या जादा महसुलासाठी. दोन्ही वेळा कर्करोगाविषयी बोलणारे डॉक्टर चर्चेच्या मध्यभागी दिसले नाहीत. गडचिरोलीतील ‘मुक्तिपथ’ने दारू आणि तंबाखू हे एकच दुखणे मानून जिल्हाभर काम उभारले आहे; शहरी महाराष्ट्रात तशी जोड अद्याप कोणी घातलेली नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांत ३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिन साजरा होतो. भित्तिचित्रांची स्पर्धा होते, पथनाट्य होते, शपथ घेतली जाते. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक फलकावर असतो. तो किती विद्यार्थ्यांनी आपल्या रुग्णाला केसपेपरच्या मागे लिहून दिला, हे विचारायला हरकत नाही.

बाळकुमच्या रुग्णालयात उद्या जो पन्नाशीचा माणूस गालातली गाठ घेऊन येईल, तो आज चाळिशीत आहे. भिवंडीच्या यंत्रमागावर, कल्याणच्या बाजारात किंवा कोलशेतच्या एखाद्या मनोऱ्यात तो आहे. खोकला, रक्तदाब, पोटदुखी अशा कशासाठी तरी तो या महिन्यात एखाद्या बाह्यरुग्ण विभागात जाईल. समोर आंतरवासितेतला तरुण डॉक्टर असेल, मागे रांग असेल आणि सवयींच्या रकान्यात ‘निल’ असे लिहिले जाईल.